लाल दिव्याखाली कागद काळा का पडत नाही?

डिजिटल कॅमेरे येण्यापूर्वी गावोगावच्या फोटो स्टुडिओंत मागच्या बाजूला एक अंधारी खोली असे आणि तिथे एक मंद लाल दिवा जळत असे. त्या उजेडात कृष्णधवल छपाईचा कागद ट्रेमधल्या रसायनात बुडवला, की पांढऱ्या पृष्ठभागावर चेहरा हळूहळू उमटू लागे. लाल उजेडाने कागदाचे काही बिघडत नसे. त्याच जागी तितकाच मंद निळा दिवा लावला असता, तर मात्र अख्खा कागद काळा पडला असता. म्हणजे उजेड किती आहे एवढ्यावर हे ठरत नाही, तो कोणत्या रंगाचा आहे यावरही ठरते.

लाटेविषयीच्या आपल्या अनुभवाला हे धरून नाही. कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिलेल्याला ठाऊक असते, की लाट जितकी उंच तितका तिचा तडाखा मोठा. प्रकाश ही लाट आहे, हे एकोणिसाव्या शतकात व्यतिकरणाच्या, म्हणजे दोन लाटा मिसळून एकमेकींना वाढवतात वा विझवतात हे दाखवणाऱ्या, प्रयोगांनी पक्के झाले होते; त्यामुळे प्रकाश प्रखर केला की त्याचा तडाखाही वाढेल, असे मानणे स्वाभाविक होते. या समजुतीला पहिला धक्का धातूंनी दिला. 1887 मध्ये हाइनरिश हर्ट्‌झ यांना आढळले, की दुसऱ्या ठिणगीचा उजेड पडत असला तर धातूच्या दोन टोकांमधली ठिणगी सहज उडते, मध्ये साधी काच धरली की हा परिणाम मंदावतो, आणि काचेऐवजी क्वार्ट्‌झ धरले तर तो टिकतो. साधी काच अतिनील प्रकाश अडवते आणि क्वार्ट्‌झ तो जाऊ देते, म्हणजे काम करत होता तो अतिनील भाग. पुढे 1902 मध्ये फिलिप लेनार्ड यांनी दाखवले, की प्रकाश प्रखर केल्याने धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, पण त्यांतल्या सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनाची ऊर्जा तेवढीच राहते.

या कोड्याचे उत्तर 1905 मध्ये आइनस्टाइन यांनी दिले. तप्त वस्तूंच्या प्रारणाचा हिशेब जुळवताना माक्स प्लँक यांनी 1900 मध्ये ऊर्जेचे ठरावीक हप्ते मानले होते. आइनस्टाइन यांनी त्यापुढे जाऊन म्हटले, की प्रकाश स्वतःच अशा सुट्या पुंजांनी ऊर्जा देतो आणि एका पुंजाची ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेला, म्हणजे लाटेच्या दर सेकंदाच्या कंपनांना, प्लँकच्या स्थिरांकाने गुणले की मिळते. रॉबर्ट मिलिकन यांना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. तरीही त्यांनी कित्येक वर्षे खपून, धातूंचे पृष्ठभाग निर्वातातच खरवडून स्वच्छ करत मोजमापे घेतली आणि 1916 मध्ये जाहीर केलेले त्यांचे आकडे त्याच सूत्रावर चपखल बसले. आपल्या मताविरुद्ध गेलेला निकाल इतक्या प्रामाणिकपणे मांडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

शाळेत पाठ केलेले ‘तानापिहिनिपाजा’ आता वेगळ्या नजरेने वाचता येते. तांबड्याकडून जांभळ्याकडे जाताना तरंगलांबी सुमारे 700 नॅनोमीटरवरून 400 पर्यंत उतरते, वारंवारता वाढते आणि प्रत्येक पुंजाची म्हणजे फोटॉनाची ऊर्जा साधारण 1.8 इलेक्ट्रॉन व्होल्टवरून (हे ऊर्जेचे एक छोटे एकक) 3.1 पर्यंत चढते. छपाईच्या कागदावरील चांदीच्या क्षाराला चेतवायला एका फोटॉनात अडीच इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. लाल फोटॉन तिथवर पोहोचत नाही, आणि ‘दोघांनी मिळून देऊ’ हा मार्ग सामान्य उजेडात जवळजवळ बंद असतो. लाल दिवा कितीही वेळ जळला, तरी अपुरे हप्तेच येत राहतात.

ही पायरी घरीही पाहता येते. एक लाल आणि एक निळा एलईडी घ्यावा, प्रत्येकाला शंभर ओहमचा रोधक जोडावा आणि दोन्ही समांतर ठेवून भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले दोन जुने सेल एकापाठोपाठ एक लावावेत. अशा सेलांचा मिळून दाब अनेकदा 2.4 व्होल्टच्या आसपास उतरलेला असतो; तेवढ्यावर लाल दिवा लागतो आणि निळा अंधारातच राहतो. नवे सेल घातले, म्हणजे दाब तीन व्होल्टच्या वर गेला, की निळाही उजळतो. एक व्होल्टचा दाब ओलांडणारा इलेक्ट्रॉन एक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळवतो, आणि निळा फोटॉन घडवायला तशी अडीचहून जास्त लागते.

म्हणजे लाटेच्या दोन गुणांनी कामे वाटून घेतली आहेत: तिचा आयाम, म्हणजे उंची, फोटॉन किती येणार ते ठरवतो आणि वारंवारता प्रत्येकाचे वजन ठरवते. मोबाइल टॉवरविषयीच्या चर्चेत हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. 1800 मेगाहर्ट्‌झच्या लहरींचा फोटॉन लाल प्रकाशाच्या फोटॉनाहून सुमारे दोन लाख पटींनी दुबळा असतो. तो रेणूचा बंध तोडू शकत नाही. अशा लहरी पुष्कळ असल्या तर ऊब देऊ शकतात, आणि तो हिशेब तीव्रतेचा आहे.

सूत्रात तरंगलांबीऐवजी वारंवारता का धरली, यालाही कारण आहे. पाण्यात किंवा काचेत शिरताना प्रकाशाचा वेग घटतो आणि तरंगलांबी आखडते, पण वारंवारता जशीच्या तशी राहते. आपला डोळाच पारदर्शक द्रवाने भरलेला आहे. जास्वंदीच्या फुलावरून निघालेला 700 नॅनोमीटरचा लाल प्रकाश नेत्रपटलाशी पोहोचतो तेव्हा त्याची तरंगलांबी सुमारे 525 झालेली असते, म्हणजे हवेत जी हिरव्या प्रकाशाची असते तेवढी. तरीही नेत्रपटलावर आदळणारा फोटॉन 1.8 इलेक्ट्रॉन व्होल्टचाच असतो, आणि फूल आपल्याला लाल दिसते.