घराजवळच्या दोन एकरांसाठी मिनी ट्रॅक्टर : अनुदानाचा अर्ज, कागदपत्रं आणि पुढचं सगळं

आमच्या चुलत्यांनी पाडव्याला मिनी ट्रॅक्टर दारात आणला. हार घातला, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. पंधरा दिवसांनी अनुदानाचा अर्ज भरायला सेवा केंद्रात गेले आणि तोंड पाडून परत आले. शोरूममधला पोरगा म्हणाला होता, "काका, मुहूर्त चुकवू नका, अर्जाचं नंतर बघू." नंतर बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे कृषी विभागाने खरेदीला दिलेल्या लेखी परवानगीच्या, आधीची असेल तर अनुदान मिळत नाही. इथे तर पूर्वसंमतीच नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी क्रम लक्षात ठेवा. अर्ज, निवड, कागदपत्रं अपलोड, पूर्वसंमती पत्र आणि त्यानंतरच खरेदी. मग बिल अपलोड, प्रत्यक्ष तपासणी आणि शेवटी खात्यात पैसे. ट्रॅक्टरची पूर्ण किंमत आधी आपल्यालाच भरायची असते, अनुदान मागाहून येतं. कर्ज काढणार असाल तर हिशेब याच पद्धतीने मांडा.

कोणाला मिळतं, किती मिळतं

महाराष्ट्रात हा अर्ज महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणाखाली होतो. अर्जदाराच्या नावावर शेतजमीन हवी. बंगल्याभोवती अर्धा एकर मोकळी जागा आहे, पण ती एनए (बिगरशेती) आहे, तर तिच्यावर हा अर्ज होत नाही. गावाकडे वडिलांच्या नावावर जमीन आहे आणि ट्रॅक्टर मुलाला चालवायचाय, तर अर्ज वडिलांच्या नावाने करा. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. ते आधीच तयार ठेवा, कारण एखादा हिस्सेदार मुंबईला असतो आणि नेमका त्याच आठवड्यात फोन उचलत नाही.

एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्प भूधारक आणि दोन हेक्टरपर्यंतचा अल्प भूधारक धरला जातो. म्हणजे घरालगत दोन-चार एकर असलेले बहुतेक जण वरच्या दराच्या गटात बसतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि महिला शेतकरीही त्याच गटात. या गटाला किमतीच्या ५० टक्के आणि बाकीच्यांना ४० टक्के अनुदान. मात्र टक्क्यांवर फार विसंबू नका, खरा आकडा कमाल मर्यादेत असतो. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी ही मर्यादा बरीच वर्षं पहिल्या गटाला १ लाख २५ हजार आणि दुसऱ्याला १ लाख अशी चालत आली आहे. टक्के आणि मर्यादा यांत जे कमी, ते मिळतं. पूर्वसंमती पत्रावर छापलेला आकडा तेवढा खरा धरा.

एकदा ट्रॅक्टरचा लाभ घेतला की पुढची १० वर्षं त्याच घटकासाठी अर्ज करता येत नाही. दुसऱ्या औजारासाठी करता येतो. कुटुंबात कोणाच्या नावे आधीच ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचलित औजारासाठी अर्ज होतो, त्याला आरसी बुकाची प्रत जोडावी लागते.

अर्ज भरताना

२०२५ पासून फार्मर आयडीशिवाय गाडी पुढे सरकत नाही. हा आयडी आधारशी आणि तुमच्या गट नंबरांशी जोडलेला असतो. सगळे गट त्यात आलेत का ते बघून घ्या. एखादा गट राहिला तर क्षेत्र कमी दिसतं. आधारवर 'दत्तात्रय' आणि सातबाऱ्यावर 'दत्तू' असेल तर नावाची दुरुस्ती आधी तलाठ्याकडे करून घ्या.

लॉगिन झाल्यावर 'कृषी यांत्रिकीकरण' निवडा. पुढे घटकाच्या यादीत अर्थसहाय्य, मग तपशिलात 'ट्रॅक्टर', मग व्हील ड्राइव्हचा प्रकार (ताकद दोन चाकांना की चारही) आणि एचपी श्रेणी. बहुतेक चुका या एचपीच्या चौकटीत होतात. शोरूमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात इंजिनाचा एचपी छापतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतले गट, उदाहरणार्थ ८ ते २०, हे पीटीओ एचपीवर पाडलेले आहेत. पीटीओ म्हणजे मागच्या दांड्याला, जिथे रोटाव्हेटर जोडतो तिथे, प्रत्यक्ष मिळणारी ताकद. ती इंजिनापेक्षा कमी असते. म्हणून २१ एचपीचा म्हणून विकला जाणारा ट्रॅक्टर पीटीओच्या हिशेबाने २० च्या आतल्या गटात असू शकतो. हा आकडा त्या मॉडेलच्या सरकारमान्य परीक्षण अहवालात असतो. तो विक्रेत्याकडून मागून घ्या, पत्रकावर जाऊ नका.

खालच्या घोषणेत, पूर्वसंमतीशिवाय खरेदी केल्यास अनुदान मिळणार नाही, अशा अर्थाचं वाक्य असतं. त्यावर टिचकी मारल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. चुलत्यांच्या पोराने ती वाचली असती तर पेढे जरा उशिरा वाटले असते इतकंच. मग 'अर्ज सादर करा', प्राधान्यक्रम आणि २३ रुपये ६० पैशांचं शुल्क. पावती जपून ठेवा. पूर्वी निवड सोडतीने व्हायची, २०२५ पासून आधी येईल त्याला आधी अशी पद्धत आली. त्यामुळे लवकर अर्ज टाकण्याला आता खरंच किंमत आहे.

कागदपत्रं

निवड झाल्याचा एसएमएस आला की अपलोडचा टप्पा सुरू होतो. सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र. फार्मर आयडीमुळे यातलं काही आपोआप उचललं जातं, तरी ताजे उतारे हाताशी असू द्या. याखेरीज दोन कागद विक्रेत्याकडून येतात, कोटेशन आणि केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थेचा परीक्षण अहवाल. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या संस्थेत ट्रॅक्टरचं परीक्षण होतं, तिचं नाव अशा बऱ्याच अहवालांवर दिसेल.

कोटेशन आणि अहवाल शेजारी-शेजारी ठेवून मॉडेलचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. एकीकडे '४डब्ल्यूडी' (फोर व्हील ड्राइव्ह) आणि दुसरीकडे ते नाहीच, एवढ्या फरकानेही अर्ज त्रुटीत पडतो. पुढे बिलावर, विमा पॉलिसीवर आणि आरसी बुकावरही तेच नाव यायला हवं. पूर्वसंमती मिळाल्यावर मन बदलून दुसरं मॉडेल घेऊ नका. बदलायचंच असेल तर बिल फाडण्याआधी कृषी कार्यालयात विचारा.

खरेदीचे पैसे बँकेतून द्या, रोख नको. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ४ लाख असेल तर कर ४८ हजारांऐवजी २० हजार. जुनं कोटेशन फिरवणारे अजून भेटतात, म्हणून कराची ओळ बघा. बिल अपलोड झालं की कृषी सहायक तपासणीला येतात (पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय, गावात कोणी तसं म्हणत नाही). चासी नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी ताडतात, ट्रॅक्टरसोबत तुमचा फोटो घेतात. त्या दिवशी ट्रॅक्टर पाव्हण्याच्या शेतावर गेलेला नसावा.

बचत गटांसाठी वेगळी वाट

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना समाज कल्याण विभागाची वेगळी योजना आहे. यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने, म्हणजे कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर, मिळून साडेतीन लाखांची मर्यादा धरली जाते. ९० टक्के, म्हणजे कमाल ३ लाख १५ हजार अनुदान आणि १० टक्के गटाचा हिस्सा. गटातले किमान ८० टक्के सदस्य या घटकांतले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही. गटाच्या नावे बँक खातं लागतं. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण कार्यालयात. महाडीबीटीचा याच्याशी संबंध नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

औजारं निवडताना

कोटेशन घेण्याआधी टेप घेऊन शेतात जा. ऊस साडेचार-पाच फुटी सरीवर असेल तर ट्रॅक्टर त्यात बसतो का बघा. द्राक्षाच्या नऊ-दहा फुटी ओळीत बसायचा प्रश्न येत नाही, पण टोकाला वळायला जागा किती ते मोजा. रोटाव्हेटर घेताना एक साधी गोष्ट लोक विसरतात. त्याची रुंदी मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या मापाएवढी तरी हवी, नाहीतर केलेल्या रानात टायरचे पट्टे तसेच दाबलेले राहतात. आणि फार रुंद घेतला तर इंजिन दमतं. जड औजार उचलल्यावर पुढची चाकं हलकी होत असतील तर पुढे वजनं लावा. कोकणात चिखल आणि चढ असेल तर फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे वसूल होतात. सपाट माळावर मी तरी टू व्हीलच घेईन.

पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकायची आपल्याकडे सवय आहे. तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. गळ्यातला टॉवेल किंवा पदर एकदा गुंडाळला गेला की हात लावायलाही वेळ मिळत नाही. कव्हर नसेल तर डिलिव्हरी घेऊ नका.

एका वेळी ट्रॅक्टर किंवा औजार, एकालाच अनुदान मिळतं. म्हणून आधी ट्रॅक्टरचा अर्ज टाका आणि आरसी बुक हातात आल्यावर रोटाव्हेटरचा.

आरटीओ, विमा, ट्रॉली

नोंदणीसाठी नमुना २०, २१ आणि २२, विमा आणि पत्त्याचा पुरावा. हे काम विक्रेता करून देतो. कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा चढतो, फेडल्यावर तो उतरवायला विसरू नका. मिनी ट्रॅक्टर चालवायला हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. तृतीय पक्ष विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी आणि विमाही वेगळा. गावच्या वर्कशॉपमध्ये जोडून घेतलेली बिननोंदणीची ट्रॉली स्वस्त पडते, पण तिच्यामुळे अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तिच्याच कागदांचा विचारते. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरवर भाड्याने वाळू-विटा ओढल्या तरी तीच अडचण.

चुलत्यांनी पुढे त्याच आरसी बुकाच्या प्रतीवर रोटाव्हेटरचा अर्ज टाकला. या वेळी मुहूर्त कोणालाच विचारला नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीला पोराला मोबाइल उघडायला लावून एकच विचारायचे, "पूर्वसंमती पडली का रे?"