काँग्रेसची सत्ताच्युती (ग्वाल्हेर)

मध्य प्रदेश विधानसभेतील बहुमत गमावल्यावर काँग्रेस पक्षाने ग्वाल्हेर विभागात वेळोवेळी जी भूमिका घेतली, तिचा येथे विचार केला आहे. निवडणुकीतील सर्वसाधारण पराभव (१९७७, १९९०, २००३) या नोंदीच्या कक्षेत गौण आहेत. सभागृह चालू असताना आपल्याच आमदारांनी साथ सोडल्यामुळे सरकार जाण्याचे दोन प्रसंग, म्हणजे १९६७ आणि २०२०, हे मुख्य विषय आहेत. दोन्हींचे सूत्रचालन ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील व्यक्तींकडे होते. त्यामुळे भोपाळमधील या घडामोडींचे पडसाद ग्वाल्हेर शहराच्या लष्कर, मुरार व जुने ग्वाल्हेर या भागांत अधिक काळ उमटत राहिले.

पूर्वपीठिका : २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य स्थापन झाले आणि ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख (राज्याचे घटनात्मक प्रमुख) झाले. ग्वाल्हेर ही हिवाळी व इंदूर ही उन्हाळी राजधानी होती. ग्वाल्हेरातील मोतीमहालात विधानसभा भरे. राज्यात सत्ता काँग्रेसची असली, तरी ग्वाल्हेर-गुणे (गुना) पट्ट्यात हिंदु महासभेचा जोर होता. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर व गुणे अशा दोन्ही जागांवर निवडून आले. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरच्या जागेवर पोटनिवडणुकीत डॉ. नारायण भास्कर खरे विजयी झाले. हे तेच खरे, ज्यांना जुलै १९३८ मध्ये काँग्रेसश्रेष्ठींनी मध्य प्रांताच्या पंतप्रधानपदावरून (आजच्या मुख्यमंत्रिपदासारखे पद) दूर केले होते. त्या वादात त्यांच्या विरुद्ध बाजूस, पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झालेले द्वारकाप्रसाद मिश्र होते. पुढच्या घटनांच्या संदर्भात हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

महासभेला उत्तर म्हणून काँग्रेसने राजवाड्यालाच जवळ केले. १९५७ मध्ये जिवाजीरावांच्या पत्नी विजयाराजे शिंदे काँग्रेसच्या तिकिटावर गुण्यातून उभ्या राहिल्या आणि देशपांडे यांना हरवून लोकसभेत गेल्या. १९६२ मध्ये त्या ग्वाल्हेरमधून निवडून आल्या. पक्षाची स्वतःची बांधणी इथे त्या प्रमाणात झाली नाही. पुढील साठ वर्षांतल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ या निर्णयात शोधावे लागते.

१९६७ चे सत्तांतर व त्याच्या कारणांविषयीचा वाद : १९६७ च्या निवडणुकीत २९६ पैकी १६७ जागा जिंकून काँग्रेसने बहुमत राखले. जनसंघाला ७८ जागा मिळाल्या. मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये गोविंद नारायण सिंह यांच्यासह काँग्रेसचे ३६ आमदार विरोधकांना जाऊन मिळाले. म्हणजे पक्षाकडे १३१ जण उरले आणि बहुमताला १४९ हवे होते. ३० जुलै १९६७ रोजी संयुक्त विधायक दलाचे, म्हणजे ‘संविद’चे, सरकार आले. गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री आणि जनसंघाचे वीरेंद्रकुमार सखलेचा उपमुख्यमंत्री झाले. विजयाराजे यांनी मुख्यमंत्रिपद घेतले नाही. दलाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. निवडणुकीआधीच काँग्रेस सोडून त्या स्वतंत्र पक्षातर्फे गुण्यातून लोकसभेला व जनसंघातर्फे करेऱ्यातून विधानसभेला उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही जागा जिंकल्यावर त्यांनी विधानसभा निवडली.

त्यांच्या काँग्रेसत्यागाची कारणे वेगवेगळी सांगितली जातात. सर्वांत लोकप्रिय कथा अपमानाची आहे. भोपाळमध्ये भेटीसाठी गेल्या असता मिश्रांनी त्यांना ताटकळत ठेवले, आणि तेव्हाच विजयाराजेंनी मिश्रांचे सरकार पाडण्याचे ठरवले, असे ही कथा सांगते. ताटकळण्याची वेळ बहुधा पंधरा मिनिटे दिली जाते. दुसऱ्या मतानुसार पचमढीच्या युवक काँग्रेस अधिवेशनात मिश्रांनी संस्थानिकांवर केलेली टीका निर्णायक ठरली. तिसरे मत उमेदवारी वाटपाकडे बोट दाखवते : ग्वाल्हेर विभागातील नावे ठरवताना राजमातांचा, म्हणजे विजयाराजेंचा, शब्द डावलला गेला. चौथे १९६६ च्या ग्वाल्हेरमधील विद्यार्थी आंदोलनाला महत्त्व देते. त्यात पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी दगावले, शहर संतापले, आणि स्थानिक पोलीस प्रमुखांना हलवण्याची मागणी सरकारने मानली नाही. त्याच वर्षी २५ मार्चला जगदलपूरच्या राजवाड्यात झालेल्या गोळीबारात बस्तरचे माजी संस्थानिक प्रवीरचंद्र भंजदेव मारले गेले होते. त्यामुळे संस्थानिक घराण्यांत मिश्र सरकारविषयी आधीच रोष होता.

अपमानाची कथा आकर्षक असली तरी ती एकटी पुरेशी वाटत नाही. ज्या भेटीत ताटकळावे लागले, तिचे विषयच मुळी विद्यार्थ्यांवरील गोळीबार आणि उमेदवारी हे होते असे सांगितले जाते. तेव्हा तिसऱ्या व चौथ्या मतांना अधिक वजन देणे सयुक्तिक ठरते. शिवाय राजमातांचा राग हे ३६ आमदारांच्या जाण्याचे कारण होऊ शकत नाही. गोविंद नारायण सिंह हे विंध्य प्रदेशातील. त्यांचे वडील अवधेश प्रताप सिंह त्या प्रदेशाचे पंतप्रधान होते. मिश्र ज्या भागातले, त्या महाकोशलच्या (जुन्या मध्य प्रांताचा हिंदी भाग) वर्चस्वाविषयी विंध्य आणि मध्य भारत या दोन्ही भागांत नाराजी होती. १९५६ मध्ये चार घटक जोडून बनवलेल्या राज्याचे सांधे दहा वर्षांत नीट जुळले नव्हते. राजवाडा आणि मुख्यमंत्री यांच्या भांडणाच्या गोष्टीत हा भाग नेहमी मागे पडतो.

पक्षाची पहिली प्रतिक्रिया सभागृह थांबवण्याची होती. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना राज्यपाल के. सी. रेड्डी यांनी मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्यावरून ते संस्थगित केले. घटनाशास्त्राच्या चर्चेत हे उदाहरण पुष्कळदा येते. विधानसभा बरखास्त करून पुन्हा मतदारांकडे जावे असा मिश्रांचा आग्रह होता, पण तो फळाला आला नाही. दुसरी प्रतिक्रिया गेलेल्यांना परत आणण्याची. संविदमधील पक्षांचे आपसात जमेना, तेव्हा काँग्रेसने फुटीर गटाशीच बोलणी केली. १२ मार्च १९६९ रोजी गोविंद नारायण सिंह यांनी राजीनामा दिला व ते काँग्रेसमध्ये परतले. राजा नरेशचंद्र सिंह यांचे सरकार जेमतेम तेरा दिवस टिकले आणि २६ मार्चला काँग्रेसचे श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री झाले. मिश्र यांची कसडोलची निवडणूक गैरप्रकारांमुळे न्यायालयाने रद्द ठरवल्याने त्यांची वाट बंद झाली होती.

तिसरी प्रतिक्रिया कायद्याच्या अंगाने झाली, आणि ती एकट्या मध्य प्रदेशापुरती नव्हती. लोकसभेच्या ठरावानुसार गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरविषयक समिती नेमली गेली व १९६९ मध्ये तिने अहवाल दिला. मध्य प्रदेशासह सात राज्यांतील पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाल्याची तिची नोंद प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष कायदा मात्र १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. त्यात विधिमंडळ पक्षाच्या एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मोकळीक होती. ती निकषपट्टी १९६७ ला लावली तर १६७ चे एक-तृतीयांश ५६ होतात. म्हणजे ते ३६ आमदार अपात्र ठरले असते. फुटीची ही सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली.

ग्वाल्हेरमधील परिणाम : राज्यात काँग्रेस सावरली आणि १९७२ मध्ये तिने २२० जागा जिंकल्या. ग्वाल्हेर परिसर तसा परतला नाही. १९७१ च्या इंदिरा लाटेतही ग्वाल्हेरमधून अटलबिहारी वाजपेयी, भिंडमधून विजयाराजे आणि गुण्यातून त्यांचे पुत्र माधवराव शिंदे हे तिघेही जनसंघातर्फे निवडून आले. लष्करातील मराठी वस्तीत जनसंघाचे काम जुने होते. नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ व १९८० मध्ये ग्वाल्हेरचे खासदार झाले. पुढे त्यांचे पुत्र विवेक शेजवलकर महापौर व २०१९ मध्ये खासदार झाले. सरदार घराण्यांपैकी संभाजीराव आंग्रे हे राजमातांचे निकटचे सल्लागार होते. मराठी कुटुंबांतील काँग्रेसनिष्ठांविषयी लेखन तुटपुंजे आहे.

काँग्रेसला या भागात पाय रोवता आले ते पुन्हा राजवाड्याच्याच दारातून. माधवराव १९८० मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले आणि १९८४ मध्ये ग्वाल्हेरात त्यांनी वाजपेयींचा पराभव केला. १९९६ मध्ये ते पक्षाबाहेर पडून मध्य प्रदेश विकास काँग्रेसतर्फे जिंकले व नंतर परतले. २००१ मध्ये त्यांच्या निधनानंतर पक्षातील त्यांची जागा त्यांचे पुत्र ज्योतिरादित्य यांनी घेतली.

२०२० : २०१८ च्या निवडणुकीत २३० पैकी ११४ जागा मिळवून कमलनाथ यांनी इतरांच्या पाठिंब्यावर सरकार बनवले. १० मार्च २०२० रोजी, माधवरावांच्या जयंतीच्या दिवशी, ज्योतिरादित्य यांचा काँग्रेसचा राजीनामा जाहीर झाला आणि त्यांच्या बाजूच्या आमदारांनीही राजीनामे दिले. अशा आमदारांची संख्या २२ झाली. आता मार्ग वेगळा होता : पक्ष बदलून आमदारकी राखता येत नसल्याने जागाच रिकाम्या करून, आधीच रिकाम्या असलेल्या दोन जागांसह, सभागृहाचे संख्याबळ २०६ वर आणले गेले. बहुमताचा आकडा १०४ झाला आणि काँग्रेसकडे ९२ उरले. पक्षाची पहिली चाल मात्र जुनीच होती. १६ मार्चला करोनाचे कारण देऊन अधिवेशन २६ मार्चपर्यंत तहकूब झाले. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्चपर्यंत बहुमत चाचणी घेण्यास सांगितल्यावर त्या दिवशी कमलनाथांनी राजीनामा दिला. १९६७ मध्ये राज्यपाल मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने चालले होते. या वेळी राज्यपाल लालजी टंडन चाचणी घ्या म्हणून सांगत होते. हा फरक दोन्ही प्रसंगांची तुलना करणाऱ्यांनी दुर्लक्षू नये.

३ नोव्हेंबर २०२० रोजी, तोवर रिकाम्या झालेल्या एकूण २८ जागांच्या पोटनिवडणुका झाल्या. प्रचारात काँग्रेसने ‘गद्दार’ आणि ‘बिकाऊ’ (विकले जाणारे) हे शब्द सर्वत्र वापरले. ग्वाल्हेरमध्ये या आरोपाला १८५७-५८ ची धार दिली गेली. राणी लक्ष्मीबाईंची समाधी शहरातच, फूलबागेजवळ आहे, आणि तत्कालीन महाराज जयाजीराव शिंदे यांच्या इंग्रजांना साथ देण्याच्या भूमिकेचा उल्लेख सभांमधून होत राहिला. इतिहासाचा असा वापर न्याय्य म्हणता येत नाही. उठावाच्या वेळी ग्वाल्हेरचे बहुतेक सैन्यच तात्या टोपे व राणीच्या बाजूला गेले होते, आणि दरबार, फौज व शहर यांच्या भूमिका एक नव्हत्या. भाजपने १९ व काँग्रेसने ९ जागा जिंकल्या. ग्वाल्हेर-चंबळमधील १६ पैकी मात्र काँग्रेसला ७ मिळाल्या. त्यांत ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा होत्या. डबऱ्यात मंत्री इमरती देवी पराभूत झाल्या.

१९८० नंतर राजवाडा सोबत नसताना पक्षाने इथे स्वतःच्या बळावर उभे राहण्याची ही पहिलीच मोठी वेळ. जुलै २०२२ मध्ये शोभा सिकरवार महापौर झाल्या आणि ५७ वर्षांनी ते पद काँग्रेसकडे आले. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात पक्ष ६६ जागांवर घसरला आणि कमलनाथांच्या जागी जितू पटवारी प्रदेशाध्यक्ष झाले. ग्वाल्हेर जिल्ह्यातील सहापैकी तीन जागा मात्र पक्षाकडे राहिल्या.