गुण येतो, पण कशाने? सरकारी दवाखाना आणि होमिओपॅथीची गोळी

सीमाभागातील 865 मराठी गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये घेतला, तेव्हा कर्नाटकातून त्याला आक्षेप आला आणि चर्चा साहजिकच हद्दीची झाली. योजनेची रचना कशी आहे, याकडे त्या गदारोळात फारसे कोणी पाहिले नाही. कोणत्या आजारावर कोणता उपचार मिळेल आणि त्यासाठी किती रक्कम दिली जाईल, याची यादी अशा योजनेत आधीच ठरलेली असते. जनतेच्या पैशातून काय विकत घ्यायचे, हा प्रश्न तेथे उपचारागणिक विचारला जातो. आयुष (आयुर्वेद, योग, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी) केंद्रातून मोफत मिळणाऱ्या होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाबतीत मात्र ‘लोकांना गुण येतो’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते. हे उत्तर का पुरेसे नाही, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

खर्च किरकोळ आहे, असे कोणी समजू नये. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांत आयुष डॉक्टर नेमले जाऊ लागले, 2014 मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झाले, आणि 2024-25 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यासाठी सुमारे 3,700 कोटी रुपयांची तरतूद होती. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमगाव, गवाळीसारख्या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला डोली करून चालत बाहेर आणावे लागते. अशा भागात प्रत्येक रुपया कशावर खर्च होतो, याला फार महत्त्व आहे.

आता मूळ मुद्दा. समजा, एका आरोग्य शिबिरात पन्नाशी ओलांडलेल्या 1,000 जणांचा वरचा रक्तदाब मोजला आणि त्यांची सरासरी 135 निघाली. आकडे माणसागणिक वेगळे येतात, त्याला दोन कारणे असतात. काहींचा रक्तदाब मुळातच इतरांपेक्षा जास्त किंवा कमी असतो, हा टिकाऊ फरक. शिवाय त्याच माणसाचा रक्तदाब झोप, दगदग, काळजी आणि मोजण्यातली चूक यांमुळे रोज थोडा वरखाली होतो, हा तात्पुरता फरक. पहिल्याचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याचे माप) 12 आणि दुसऱ्याचे 9 धरू. एकमेकांशी संबंध नसलेल्या फरकांची बेरीज त्यांच्या वर्गांतून होते; दोघांचे वर्ग, म्हणजे 144 आणि 81, मिळवले की 225 होतात. याचा अर्थ एकूण चढउतारातील 64 टक्के भाग टिकाऊ आहे आणि 36 टक्के तात्पुरता.

या हजारांतून 160 च्या वर असलेले निवडले, तर हिशेबाने सुमारे 48 जण मिळतात आणि त्यांची सरासरी 166 च्या आसपास येते, म्हणजे सर्वसाधारण सरासरीपेक्षा 31 ने जास्त. पण या 31 मधला 64 टक्के भागच टिकाऊ आहे. उरलेले 11 अंक त्या दिवसाच्या योगायोगाचे आहेत, कारण 160 ची रेषा ओलांडणाऱ्यांत ‘आज नेमका वाढलेला’ असे बरेच जण असतात. पंधरवड्यानंतर याच 48 जणांचा रक्तदाब पुन्हा मोजला, तर काहीही न देता सरासरी 155 च्या जवळ येईल. रक्तदाबाच्या एखाद्या प्रस्थापित औषधाची नेहमीची मात्रा वरचा रक्तदाब सरासरी 9 च्या आसपास उतरवते. म्हणजे मधल्या काळात या सर्वांना साखरेच्या गोळ्या दिल्या असत्या, तर त्या गोळ्या खऱ्या औषधाइतक्याच गुणकारी दिसल्या असत्या.

याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 मध्ये 205 जोडप्यांच्या आणि त्यांच्या 928 प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास करून ते दाखवले. फार उंच आईबापांची मुले उंच निघतात, पण सरासरीने आईबापांहून थोडी कमी. यातली खरी गंमत उलट दिशेने आहे: फार उंच मुले निवडून त्यांच्या आईबापांची उंची पाहिली, तर तीही मुलांहून सरासरीने कमीच भरते. मुलांची उंची आईबापांच्या उंचीवर परिणाम करू शकत नाही, हे उघड आहे. तेव्हा येथे कोणतेही बल कशालाही ओढत नसते. टोकाचे निवडले की त्याच्या जोडीचे मोजमाप सरासरीच्या जवळ सरकते, एवढेच गणित आहे, आणि ते काळाच्या दोन्ही दिशांना लागू पडते.

दवाखान्यात ही निवड रुग्ण स्वतःच करतो. गुडघा, कंबर, दमा, त्वचेची खाज, डोकेदुखी हे सगळे कमीजास्त होणारे त्रास आहेत, आणि माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती त्रास कळसाला पोचल्यावर. त्यानंतरचा आठवडा बहुधा बरा जातो. लहान मुलांना आणि जनावरांनाही होमिओपॅथीचा गुण येतो, मग ती श्रद्धा कशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सरासरीकडे परतण्यासाठी श्रद्धा लागत नाही, त्यामुळे वासरूही परतते. 2001 मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी नकली औषध आणि ‘काहीच उपचार नाही’ यांची तुलना करणाऱ्या 114 चाचण्या तपासल्या, तेव्हा वेदनेसारख्या स्वतः सांगायच्या तक्रारी सोडल्या तर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. मनाच्या शक्तीच्या नावावर आपण जे जमा करतो, त्यातले बरेचसे या गणिताचे आणि आजाराच्या नैसर्गिक ओसरण्याचे असते.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्याची सवय अशाच फसव्या अनुभवावर टिकून आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही, म्हणून मांत्रिकाकडचे बरेच लोक जगतात आणि त्याचे नाव होते. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनलेल्या माणसाला प्रतिविषच वाचवू शकते, आणि मंतरलेल्या पाण्यात गेलेला तास त्याच्या जिवावर बेततो.

या सगळ्यातून औषधाचा खरा वाटा वेगळा काढण्याची एकच खात्रीची रीत आहे: चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे आणि एकाच गटाला औषध द्यायचे. सरासरीकडे दोन्ही गट सारखेच परततात, म्हणून उरलेला फरक औषधाचा असतो. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या 110 चाचण्यांची छाननी प्रसिद्ध झाली. त्यांतील मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांत होमिओपॅथीचा परिणाम नकली औषधाहून वेगळा काढता आला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये सांगितले की, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजारासाठी मिळत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2017 मध्ये ती लिहून देणे थांबवण्याची शिफारस केली आणि फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून तिच्या खर्चाची परतफेड बंद केली. यात आश्चर्य नाही. तीस पोटेन्सीचे औषध म्हणजे मूळ द्रव्य तीस वेळा शंभरपट विरळ केलेले, म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या पटीने, आणि पृथ्वीवरच्या सर्व समुद्रांत मिळून पाण्याचे रेणूही त्याहून फार कमी आहेत.

ही कसोटी पद्धतीचे नाव विचारत नाही. आपल्या पश्चिम घाटातही सापडणारी सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाची निरीक्षणे 1949 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1952 मध्ये तिच्यातील रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 143 पुरुषांवर रक्तदाबाच्या औषधांची चाचणी झाली. 1967 च्या तिच्या अहवालात नकली औषधाच्या गटात 27 गंभीर घटना होत्या आणि खऱ्या औषधांच्या गटात 2, आणि त्या औषधांत रेसर्पिन होते. उलट आधुनिक शस्त्रक्रियाही याच कसोटीवर नापास होऊ शकते. गुडघ्याच्या संधिवातासाठी केली जाणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया 2002 मध्ये 180 रुग्णांवर तपासली गेली, तेव्हा नुसता छेद घेऊन टाके घातलेल्या गटाहून ती सरस ठरली नाही. अशा शस्त्रक्रियेवरही सरकारी पैसा खर्च होऊ नये.

माझे मत स्पष्ट आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांची सरकारी खरेदी थांबवावी, पण त्या देणाऱ्या डॉक्टरांना वाऱ्यावर सोडू नये. दुर्गम केंद्रात रुग्णाचे शांतपणे ऐकणारा, बीपी आणि शुगर मोजणारा आणि वेळेवर सिव्हिलला पाठवणारा माणूस बहुमोल आहे, आणि त्या कामासाठी त्याला प्रशिक्षण व पगार मिळालाच पाहिजे. आयुर्वेदातील एकेका औषधाची स्वतंत्र तपासणी व्हावी. त्यासाठी दूर जायला नको, कारण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. निपाणी, खानापूर आणि चिकोडीच्या केंद्रांत गुडघेदुखीसाठी येणाऱ्यांचे, त्यांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत: एकाला औषधी तेल आणि व्यायाम, दुसऱ्याला साधे तेल आणि तोच व्यायाम, तिसऱ्याला नुसता व्यायाम. कोणते तेल कोणाला मिळाले, हे वेदना नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्यांना कळू नये. सहा महिन्यांनंतर पहिला गट दुसऱ्याहून बरा निघाला, तर ते तेल प्रत्येक आरोग्य केंद्राच्या खरेदीच्या यादीत घालावे. दोन्ही गट सारखे निघाले, तर तेलाचे पैसे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पगाराला द्यावेत.