झाड "अर्धं कमी" करायच्या आधी हे वाचा : सोसायटी आणि बंगलेवाल्यांसाठी माहिती

आम्ही झाडं छाटायचं काम करतो. मार्च संपत आला की आमचा फोन सुरू होतो आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, झाड फार वाढलंय, वरून अर्धं कमी करून द्या, पावसात कुणाच्या गाडीवर नको पडायला. काळजी खरीच आहे. ठाण्या-मुंबईत पहिल्या वादळी पावसातच फांद्या यायला लागतात, आणि 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यात रस्तोरस्ती झाडं आडवी झालेली सगळ्यांनी बघितलीत. पण अर्धं कमी केलं की झाड सुरक्षित झालं हे खरं नाही, आणि म्हणून ते काम आम्ही घेत नाही. का घेत नाही हे प्रत्येकाला फोनवर नीट सांगून होत नाही म्हणून लिहून काढलंय, कमिटीच्या मीटिंगमध्ये वाचा, ग्रुपवर टाका, चालेल.

शेंडा मारल्यावर काय होतं

समजा गेटजवळ मोठा गुलमोहर आहे आणि कुणीतरी त्याच्या मांडीएवढ्या जाड फांद्या मधेच आडव्या कापून टाकल्या. पहिल्या वर्षी छान वाटतं, उजेड येतो, कचरा कमी होतो, वायरी मोकळ्या होतात. पण झाडाचं जेवण पानांत तयार होतं, तीच गेली, मग झाड घाबरून सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेल्या कळ्या, जागे करतं आणि कापलेल्या टोकाभोवती सरळसोट कोंब फुटायला लागतात, मोसंबी-संत्र्याच्या बागेत यांना पाणसोट म्हणतात. हे पाणसोट पावसाळ्यात बघता बघता पुरुषभर होतात. लोकांना वाटतं झाड परत जोमात आलं. खरं म्हणजे ते साठवलेलं अन्न खर्च करून जगायची धडपड करत असतं.

आता जवळून बघा. मूळची फांदी खोडाच्या आत रुतलेली असते, वर्षानुवर्षं दोघांचं लाकूड एकमेकांत विणलं गेलेलं असतं. पाणसोट मात्र फक्त वरच्या सालीला आणि तिच्याखालच्या पातळ थराला चिकटलेला असतो. तीन-चार वर्षांत तो मनगटाएवढा जाड होतो, वजन वाढतं, आणि त्याच वेळी ज्या थोटकावर तो उभा आहे ते थोटूक कापलेल्या तोंडातून पाणी जाऊन आतून कुजत आलेलं असतं. म्हणजे वर वजन वाढतंय आणि खाली बूड सडतंय. मग एका वाऱ्यात अख्खा झुपका खाली येतो, आणि आम्हाला फोन येतो की मागच्याच्या मागच्या वर्षी तर कटिंग केलं होतं तरी कसं पडलं. तर ते त्या कटिंगमुळेच पडलं.

यावर आमच्या धंद्यातच वाद आहे हे सांगायला हवं. जुने झाडवाले म्हणतात, वड, पिंपळ, चिंच कितीही कापा, परत फुटतात, आमच्या बापाने कापले, आम्ही कापले. फुटतात हे बरोबर. वड तर फारच दणकट. पण फुटणं वेगळं आणि त्या फुटव्याखालून माणसांनी ये-जा करणं वेगळं. शेताच्या बांधावर पाल्यासाठी किंवा सरपणासाठी दरवर्षी झोडलेलं झाड आणि मुलांच्या घसरगुंडीवर वाकलेला रेन ट्री यांना एक नियम लावून कसं चालेल?

आम्ही साधारण असं धरतो की एका वर्षात हिरव्या पाल्याच्या पाव हिश्शापेक्षा जास्त काढायचा नाही, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहूनही कमी. आधी वाळलेल्या फांद्या, मग मोडलेल्या, मग एकमेकींवर घासणाऱ्या, मग इमारतीवर किंवा वायरवर आलेल्या. लांब फांदी जड झाली असेल तर ती मधेच तोडायची नाही, तिच्यावरच्या एखाद्या बऱ्यापैकी जाड उपफांदीपर्यंत मागे आणायची, म्हणजे पुढे ती उपफांदी शेंड्याचं काम करते. आणि आतला सगळा पाला साफ करून फक्त टोकाला झुपका ठेवायचा नाही. खालून बघायला ते स्वच्छ दिसतं, पण सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी वाऱ्यात जास्त हेलकावते.

काप कुठे घ्यायचा

हे तुम्ही स्वतः उभं राहून तपासू शकता म्हणून जरा सविस्तर. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी सालीची एक फुगीर कडी दिसते, कुठे ठळक, कुठे पुसट, आंब्याला बरेचदा छान दिसते. वरच्या बाजूला, बेचक्यात, साल सुरकुतलेली रेघ असते. काप त्या रेघेच्या आणि कडीच्या लगेच बाहेर हवा. कडी कापली तर खोडालाच जखम झाली, आणि हातभर थोटूक ठेवलं तर ते वाळून सडत सडत खोडात जाणार.

पूर्वी शिकवायचे की खोडाला लागून एकदम सपाट कापा, दिसायलाही बरं आणि पाणीही साचत नाही. कित्येक अनुभवी लोक अजून तसंच कापतात आणि आम्ही कडी ठेवली की म्हणतात काम अर्धवट सोडलं. ही समजूत मोडली ती अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो नावाच्या संशोधकामुळे. त्यांनी 1959 पासून पुढे हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं आणि 1970 च्या दशकात मांडलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, खराब झालेला भाग ते चारी बाजूंनी भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवतं. ती फुगीर कडी म्हणजे या बंदोबस्ताची मुख्य जागा. तीच कापली तर झाड भिंत घालणार कुठे?

मोठी फांदी तीन कापांत उतरवायची. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूने, साधारण तिसरा हिस्सा. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, आरपार, फांदी तिथेच सुटते. उरलेलं थोटूक तिसऱ्या कापात कडीच्या बाहेरून. घाईत वरूनच एक काप मारला की फांदी स्वतःच्या वजनाने लोंबते आणि खोडाची साल उभी सोलत खाली येते, दोन-दोन हात. अशी सोललेली झाडं ठाण्यात कुठल्याही जुन्या रस्त्यावर दिसतील. खाली पार्किंग किंवा पत्रे असतील तर फांदी दोराने बांधून हळू सोडावी लागते, त्याला वेळ लागतो आणि कोटेशनमध्ये पैसे त्याचेच जास्त असतात.

कापलेल्या तोंडाला काय लावायचं

यावर तर रोज भांडणं. कुणी ऑइल पेंट लावा म्हणतं, कुणी डांबर, कुणी शेण, कुणी हळद. आमचं मत स्पष्ट आहे, रस्त्यावरच्या आणि सोसायटीतल्या मोठ्या झाडांना नीट काप घेतला असेल तर काहीही लावायची गरज नाही. पेंट आणि डांबर ओल आत कोंडतात, वरचा थर तडकला की त्या फटीतून पाणी जातं आणि आत बुरशीला हवं तसं वातावरण मिळतं. फळबागेची गोष्ट वेगळी, तिथे बोर्डो पेस्ट लावतात, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, आणि डिंक्या (खोडातून डिंक गळणं) किंवा फांदीमर (फांद्या टोकाकडून वाळणं) असलेल्या बागेत तिचा उपयोग होतो, त्याला आमचा विरोध नाही. खोडाला गेरू-चुना लावायचा असेल तर लावा, त्याने नुकसान नाही. ऑइल पेंट मात्र नको, आणि झेंडावंदनाच्या आधी खोडावर तिरंगी पट्टे रंगवतात तेही पाण्याच्या रंगाने रंगवा.

ढोलीत सिमेंट भरू नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, दोघांच्या मधे फट पडते आणि पाणी तिथेच मुरतं. आधी भरलं असेल तर आमच्या करवतीची चेन त्यावर तुटते ते निराळंच. ढोली आहे म्हणजे झाड पडणार असंही नाही, खोडाच्या मधलं लाकूड मेलेलंच असतं, भार बाहेरचा जाडजूड घेर पेलतो. लाकडी हातोडीने ठोकून, सळई आत घालून, तो घेर किती जाड उरलाय ते बघतो. खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाएवढा निरोगी घेर चहूबाजूंनी असेल तर सहसा चिंता नसते, अर्थात ढोलीचं तोंड केवढं आणि झाड कलतंय का हेही बघावं लागतं. त्या ढोलीत पोपट, पिंगळे, तांबट राहतात. राखी धनेशाची मादी तर उन्हाळ्यात ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, नर बाहेरून चारा आणतो. एप्रिल-मेमध्ये ते झाड तोडलं तर आत ती आणि पिल्लं दोन्ही असतात. म्हणून ढोलीचं झाड आम्ही त्या दिवसांत आधी तासभर खालून बघतो, मगच दोर टाकतो.

खरी भीती बुडाशी असते

लोक वर बघून घाबरतात, आम्ही खाली बघतो. बुंध्याजवळ तपकिरी, कडक, थाळीसारखी अळंबी उगवली असेल, गुलमोहराला हे फार होतं, तर मुळं कुजायला लागलेली असू शकतात, फोटो काढून लगेच पाठवा. एका बाजूची जमीन वर उचललेली किंवा तडकलेली, झाड अलीकडेच कलायला लागलंय, किंवा गेल्या वर्ष-दोन वर्षांत शेजारून केबलची, गॅसची, ड्रेनेजची चर खणलीय, यातलं काहीही असेल तर ते आधी सांगा. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. जेसीबीने एका बाजूची मुळं तोडली की झाड त्या दिवशी पडत नाही, पुढच्या एखाद्या पावसाळ्यात पडतं, तेव्हा चर कुणाच्या लक्षातही नसते.

पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याला लागून काँक्रीट ओतायचं नाही, प्लीज. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आणि एक मीटर हे कमीत कमी आहे. जास्त जागा देता आली तर द्या, आळं करा, त्यातच पालापाचोळा टाका, खोडाला चिकटवून ढीग मात्र करू नका.

नारळाचं वेगळं

नारळाला बाकी झाडांचे नियम लागू नाहीत. त्याच्या खोडाला वाढणारी सालच नसते, त्यामुळे पडलेली जखम कधीच बंद होत नाही. चढायला पायऱ्या म्हणून खाचा पाडतात ना, त्या जन्मभर तशाच राहतात, आणि सोंड्या भुंगा असल्याच ठिकाणी अंडी घालतो. अळ्या आतून गाभा खातात, बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आमची माणसं नारळावर दोराने किंवा शिडीने चढतात, खाचा नाही, खिळ्यांचे बूट नाहीत. वाळलेल्या आणि खाली लोंबलेल्या झावळ्या, वाळलेली पोय (फुलोरा), पडायला आलेले नारळ एवढंच काढायचं. हिरव्या झावळ्या काढून वर फक्त तुरा ठेवला तर पुढच्या वर्षी फळ कमी होतं आणि झाड अशक्त पडतं. नव्या झावळ्या त्रिकोणी कापल्यासारख्या दिसल्या तर तो गेंड्या भुंगा, त्याला कोंबाजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात पाव किलो निंबोळी पेंड आणि तेवढीच वाळू मिसळून भरतात. चढलोच आहोत तर तेही करून देतो, आधी सांगा.

परवानगी आणि लाकूड

महाराष्ट्रात शहरी भागात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची लागते, तोडायला तर लागतेच, छाटणीलाही आम्ही परवानगीशिवाय हात लावत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी नवीन झाडं लावावी लागतात. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, झाडाच्या फोटोंसकट, कोणती फांदी आणि का ते लिहून. मसुदा आम्ही करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

कुणी येऊन म्हणालं की पैसे नको, फक्त लाकूड नेतो, तर जपून. त्याची कमाई जाड फांद्यांत आहे, पातळ वाळक्या काटक्यांत नाही, मग तो काय कापणार हे उघड आहे. गरीब माणूस पोटासाठी करतो, त्याला दोष देत नाही, पण नुकसान तुमच्या झाडाचं होतं. आमच्याकडे मजुरी कामाच्या तासांवर ठरते, लाकडावर नाही, आणि लाकडाचं काय करायचं ते परवानगीत लिहिलं असेल तसं.

आणि सगळे मे महिन्यात येऊ नका. त्या वेळी कावळ्यांची घरटी असतात, पाऊस लागला की बगळे आणि वंचक (बगळ्याच्याच जातीचा पक्षी) रेन ट्रीवर वस्ती करतात, ती घरटी आम्ही हलवत नाही, कायद्यानेही हलवता येत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, हवा कोरडी असते, घाई नसते. आंबा मात्र हिवाळ्यात छाटला तर मोहोर गेलाच, तो फळं उतरली की लगेच, पाऊस जोर धरायच्या आत. अर्ज, पाहणी, परवानगी यात दिवस जातात, त्यामुळे दिवाळी झाली की कमिटीत विषय घ्या.

फोन करण्याआधी तीन फोटो काढून ठेवा, एक लांबून पूर्ण झाड इमारतीसकट, एक बुंध्याचा जमिनीपर्यंत, एक ज्या फांदीची भीती वाटते तिचा. फोटो बघून यायची गरज आहे की नाही ते त्याच दिवशी कळवतो. वायरला फांदी टेकली असेल तर मात्र आमची वाट बघू नका, आधी महावितरणला कळवा, सप्लाय बंद झाल्याशिवाय आमचा माणूस त्या झाडावर चढत नाही, आणि तुमच्या वॉचमनलाही बांबूने फांदी ढकलायला लावू नका.