लॅपटॉपवर चित्र कोरायचंय? आधी विचारा, सीओटू की फायबर

नागपुरात बर्डीवर ट्रॉफी-नेमप्लेट करणाऱ्या दुकानात लॅपटॉप पुढे केला की "लेझर आहे ना भाऊ, करून देतो" असं ऐकू येईल. लेझर असेलच, पण कोणतं?

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं लेझर. त्याच्या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, म्हणजे 10,600 नॅनोमीटर. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडं तो सहज शोषून घेतं, उघड्या अ‍ॅल्युमिनियमवरून मात्र त्याचा बहुतेक भाग परततो. फायबर लेझरचा किरण काचेच्या तंतूत तयार होतो. त्याची तरंगलांबी साधारण 1064 नॅनोमीटर, म्हणजे जवळपास दहापट कमी. हा किरण धातू बऱ्यापैकी शोषून घेतो.

मग सीओटूवाल्याकडेही लॅपटॉपवर नाव कसं उमटतं? झाकण अ‍ॅनोडाइज्ड असतं म्हणून. अ‍ॅल्युमिनियमवरच्या त्या पातळ ऑक्साइड थरात रंग मुरवलेला असतो. सीओटू तो रंग उडवतो आणि पांढरट खूण राहते. धातूला धक्का लागत नाही. गडद राखाडी झाकणावर हे झकास दिसतं. चंदेरी झाकणात उडवायला रंगच नसतो, त्यामुळे चित्र फिकं पडतं. तिथे मोपा प्रकारचं फायबर हवं. त्यात पल्सची, म्हणजे किरणाच्या प्रत्येक झटक्याची, लांबी कमी-जास्त करता येते आणि नीट जमलं तर त्याच थरात काळी खूण उठते. फायबरची ताकद वाढवली की थर फुटून धातू खोदला जातो. बोटाला खाच लागते. झाकण पातळ असतं आणि लगेच मागे स्क्रीन, तेव्हा खोल कोरण्याचा हट्ट नकोच.

गोंड शैलीतला मोर काढायचा असेल तर मी डोळे झाकून फायबर म्हणेन. मोराच्या अंगभर भरलेले ठिपके-रेघा फायबरच्या बारीक किरणात सुटे राहतात, सीओटूत एकमेकांत मिसळायला लागतात. मात्र फायबरच्या नेहमीच्या लेन्सखाली जेमतेम 11 सेंटीमीटरचा चौकोन बसतो. झाकणभर चित्र हवं असेल तर मोठी लेन्स लागते, नाहीतर तुकडे जोडावे लागतात, आणि सांधा दिसतोच. सीओटूचा टेबल ऐसपैस असतो.

नागपूरच्या मे महिन्यात सीओटूची काचेची नळी वैताग देते. तिला गार पाणी फिरतं लागतं. चिलर नसेल तर दुपारी पाणी तापतं, ताकद घसरते, सकाळी ठसठशीत आलेलं डिझाइन पुसट येतं. छोटी फायबर यंत्रं पंख्याच्या हवेवर चालतात.

सीओटूचा किरण यंत्रावरच्या साध्या अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाने अडतो, फायबरचा आरपार जाऊन डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. त्याला 1064 नॅनोमीटरचा किरण अडवणाराच चष्मा हवा. उघड्या फायबर यंत्राशी वाकून बघायला कोणी बोलावलं तर जाऊ नका.

लॅपटॉपच्या झाकणावर विनाइलची स्किन असेल तर घरूनच सोलून न्या. विनाइल म्हणजे पीव्हीसी. दोन्हींपैकी कोणत्याही लेझरखाली ते जळलं की क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो.