अनंत फोटॉनांचा हिशोब : अवरक्त सिंग्युलॅरिटीची पार्श्वभूमी

मुंबईकराला होमी भाभांचं नाव ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रामुळे माहीत असतं, मानखुर्दच्या विज्ञान शिक्षण केंद्रामुळे माहीत असतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हेच नाव एका टकरीला लागलं आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचंच उलट भाराचं जुळं) एकमेकांना भिडतात आणि बाहेर पुन्हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच पडतात, ते ‘भाभा प्रकीर्णन’. पंचविशीतल्या भाभांनी 1935 साली केंब्रिजमध्ये त्याचं गणित केलं आणि 1936 साली ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. ठरावीक कोनात किती कण सुटतील, याचं उत्तर त्या गणितातून स्वच्छ निघतं. घोळ सुरू होतो पुढच्या पायरीवर, आणि तो घोळ निस्तरायला भौतिकशास्त्रज्ञांच्या पाच पिढ्या लागल्या. अजूनही तो पुरता निस्तरलेला नाही.

विद्युतभार असलेल्या कणाला हिसका बसला की तो प्रकाश फेकतो. अणुकेंद्राजवळून वळताना इलेक्ट्रॉन किती प्रकाश फेकतो, याचं सूत्र हान्स बेथे आणि वॉल्टर हाइटलर यांनी 1934 साली दिलं. (हेच हाइटलर 1937 साली भाभांबरोबर वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडणार होते.) त्या सूत्राच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे. 1 ते 10 एकक ऊर्जेच्या पट्ट्यात सरासरी जितके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, सुटतात, साधारण तितकेच 0.1 ते 1 च्या पट्ट्यात सुटतात, तितकेच 0.01 ते 0.1 मध्ये. फोटॉनला वस्तुमान नाही, त्यामुळे त्याच्या ऊर्जेला खालची मर्यादा नाही आणि पट्टे संपत नाहीत. ऊर्जा मात्र दर पट्ट्याला दहापट घटत जाते, म्हणून एकूण ऊर्जा आटोक्यात राहते. रक्कम ठरलेली, चिल्लर मात्र अनंत. वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे, म्हणजे कमी ऊर्जेकडे, अवरक्त किरण असतात. त्यावरूनच कमी ऊर्जेच्या टोकाशी उगवणाऱ्या या अनंताला ‘अवरक्त सिंग्युलॅरिटी’ हे नाव पडलं.

पार्ल्याच्या एका कॉलेजात पदवीच्या वर्गाला हे पट्टे फळ्यावर काढून दाखवत होतो. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, उत्तर अनंत आलं म्हणजे कुठेतरी चुकलंय ना?” तिचं बरोबरच होतं. पण चूक गणितात आहे की आपण विचारलेल्या प्रश्नात, हे आधी ठरवावं लागतं. माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे.

पहिलं नीट उत्तर आलं 1937 साली. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले फेलिक्स ब्लॉख तेव्हा कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला होते. त्यांनी आणि आर्नल्ड नॉर्डसिक यांनी दाखवलं, की इलेक्ट्रॉन वळला पण एकही फोटॉन सुटला नाही, असं घडण्याची शक्यता शून्य आहे. दोनच फोटॉन सुटले, ही शक्यताही शून्य. शंभरच सुटले, तीही शून्य. प्रत्येक टकरीत अगणित सॉफ्ट फोटॉन सुटतातच, आणि ते इतक्या कमी ऊर्जेचे असतात की कुठल्याही उपकरणाच्या हाती लागत नाहीत. पण ‘फोटॉन किती?’ हा प्रश्न बाजूला ठेवला आणि ‘इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेला गेला?’ एवढंच विचारलं, की उत्तर मर्यादित येतं.

हे आकड्यात पाहिलं की जास्त पटतं. 91 गिगॅइलेक्ट्रॉनव्होल्ट एकत्रित ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांत विरून जातात, तेव्हा विरण्याआधी ते दर दहापटीच्या पट्ट्यात सरासरी पाव फोटॉन टाकतात. चार पट्टे धरले तर साधारण एक. उपकरणाला कणाच्या ऊर्जेच्या 10,000 व्या भागापर्यंतचा फोटॉन दिसतो असं समजा. मग ‘एकही फोटॉन दिसला नाही’ अशा टकरी सुमारे 37 टक्के निघतात. उपकरण आणखी 10,000 पट बारीक केलं, तर त्या 14 टक्क्यांच्या आसपास उरतात. उपकरण जितकं चांगलं, तितक्या निखळ टकरी कमी. शून्याकडे जाणारी ही उतरण फार संथ आहे, म्हणूनच 1937 पूर्वी ती कुणाच्या डोळ्यांत भरली नसावी.

युद्धानंतर क्वांटम विद्युतगतिकी, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांचा सिद्धांत, नव्याने उभी राहिली, तेव्हा नाण्याची दुसरी बाजू दिसली. बाहेर न पडता इलेक्ट्रॉननेच पुन्हा गिळलेल्या आभासी फोटॉनांचं गणित केलं तरी अवरक्त टोकाला अनंतच येतं, फक्त चिन्ह उलटं असतं. सुटलेल्या फोटॉनांचं अधिक अनंत आणि गिळलेल्यांचं उणे अनंत एकमेकांना छेदून जातात, आणि मागे उरतो उपकरणाच्या क्षमतेवर ठरणारा एक लॉगरिदम. जूलियन श्विंगर यांनी 1949 साली हा हिशोब पहिल्या पायरीपर्यंत मांडला आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या मिळून एक घातांकी फल तयार होईल, असं सुचवलं. 1961 साली डॉनल्ड येनी, स्टीव्हन फ्राउची आणि हिरोशी सुऊरा यांनी ते सविस्तर करून दाखवलं. सगळी अवरक्त अनंतता एका घातांकात वेगळी काढायची, आणि उरलेलं गणित पायरी-पायरीने करायचं. तिघांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘वायएफएस’ म्हणतात. हे नाव शेवटी पुन्हा येईल.

1965 साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी हाच विचार गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटमपर्यंत, म्हणजे ग्रॅव्हिटॉनपर्यंत नेला. सॉफ्ट फोटॉन सुटण्याचा गुणक येणाऱ्या-जाणाऱ्या कणांच्या विद्युतभारावर आणि संवेगावरच ठरतो. टकरीच्या आत काय उलथापालथ झाली, याचा त्याला पत्ताही नसतो. त्याच लेखात वाइनबर्ग यांनी एका धोक्याकडेही बोट दाखवलं: भार वाहणारा कणच जर वस्तुमानरहित असेल, तर ही छेदाछेद एवढ्या सहजी होत नाही.

असा कण लवकरच दारात येऊन उभा राहिला. यांग आणि मिल्स यांनी 1954 साली मांडलेल्या गेज सिद्धांतावर 1973 नंतर क्वार्कांचा, म्हणजे प्रोटॉनच्या आतल्या कणांचा, सिद्धांत उभा राहिला. त्यातल्या ग्लुऑनला, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या कणाला, वस्तुमान नाही, आणि फोटॉनसारखा तो भारहीनही नाही. तो स्वतःच ‘रंग’ नावाचा भार वाहतो. त्यामुळे ग्लुऑन ग्लुऑन फेकतो, तोही पुढे फेकतो. वर आणखी एक अनंत येतं: वस्तुमानरहित कण त्याच दिशेने धावणाऱ्या दोन कणांत फुटला, तर ते दोन आहेत की एक, हे सांगायला निसर्गात काही खूणच नसते. सॉफ्ट आणि समांतर ही दोन्ही अनंतं एकावर एक बसली की लॉगरिदमचा वर्ग मिळतो. त्याची चाहूल सोव्हिएत संघात व्लादिमीर सुदाकोव यांना 1956 सालीच लागली होती. इथे मदतीला आलं ते किनोशिता (1962), ली आणि नॉएनबर्ग (1964) यांचं प्रमेय. एकमेकांपासून वेगळ्या ओळखता न येणाऱ्या सगळ्या अवस्थांची बेरीज केली, सुरुवातीच्याही आणि शेवटच्याही, तर उत्तर मर्यादित येतं, असं ते सांगतं.

मला या साऱ्या प्रवासातलं सर्वांत देखणं पाऊल वाटतं ते 1977 सालचं. जॉर्ज स्टर्मन आणि वाइनबर्ग यांनी क्वार्क-ग्लुऑन मोजणं सोडून दिलं आणि नवा प्रश्न घडवला: एका थोड्याशा अंशाव्यतिरिक्त सगळी ऊर्जा दोन अरुंद शंकूंमध्ये सापडण्याची शक्यता किती? सॉफ्ट ग्लुऑन सुटला तरी तो त्या सोडलेल्या अंशात मावतो. ग्लुऑन समांतर फुटला तरी दोन्ही तुकडे त्याच शंकूत राहतात. प्रश्नच असा बेतला की अनंताला शिरायला फट उरली नाही. ‘जेट’ (कणांचा अरुंद झोत) या शब्दाला काटेकोर अर्थ मिळाला तो इथे. दोनच वर्षांनी, 1979 साली, हॅम्बर्गच्या पेट्रा या त्वरकावर (कणांना वेग देऊन भिडवणाऱ्या यंत्रावर) तीन जेटच्या घटना दिसल्या आणि ग्लुऑन प्रत्यक्ष असल्याचा पुरावा हाती आला.

सुरुवातीच्या अवस्थांचं दुखणं मात्र उरलंच. रंगीत कण आत येतानाच सॉफ्ट ग्लुऑन फेकतो. प्रयोग करणारा बाहेर पडणाऱ्या अवस्थांची बेरीज करू शकतो, आत येणाऱ्यांची करणं त्याच्या हातात नसतं. दोन क्वार्कांच्या टकरीत ब्लॉख-नॉर्डसिक यांची छेदाछेद पुरी पडत नाही, हे डोरिया, फ्रेंकेल आणि टेलर यांनी 1980 साली दाखवलं. ऊर्जा वाढवत नेली की ही तूट नगण्य होते, म्हणून आजच्या त्वरकांवरचे अंदाज ढासळत नाहीत.

याच सुमारास स्टर्मन यांच्याकडे अमेरिकेत स्टोनी ब्रुकला एक भारतीय विद्यार्थी होता, अशोक सेन. 1981 साली त्यांनी सुदाकोवच्या दुहेरी लॉगरिदमचं क्वार्कांच्या सिद्धांतातलं रूप सर्व पायऱ्यांपर्यंत नेलं आणि 1983 साली अनेक क्वार्कांच्या टकरीकडे वळले. नंतर ते स्ट्रिंग सिद्धांताकडे गेले आणि 1988 ते 1995 कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. ही भाभांचीच संस्था: 1945 साली बंगळूरला सुरू झालेली, त्याच वर्षी पेडर रोडच्या केनिलवर्थ बंगल्यात आलेली, 1949 साली गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात हललेली आणि 1962 पासून कुलाब्याच्या समुद्रकाठी स्थिरावलेली. सेन यांचा गौरव होतो तो स्ट्रिंगच्या कामासाठी, आणि ते योग्यच आहे. पण 2018 च्या सुमारास आलोक लढ्ढा आणि विश्वजित साहू यांच्याबरोबर ते पुन्हा सॉफ्ट फोटॉन आणि ग्रॅव्हिटॉनांकडेच परतले, हे मला फार बोलकं वाटतं.

मुंबईत हा प्रश्न आणखी दोन वाटांनी आला. लेनिनग्राडच्या कुलिश आणि फद्देएव यांनी 1970 साली म्हटलं होतं, की एकटा, नागवा इलेक्ट्रॉन नसतोच. तो कायम सॉफ्ट फोटॉनांच्या ढगात लपेटलेला असतो. गणित त्या ढगासकटच केलं तर अनंत मुळात उगवतच नाही. हा विचार प्रकाशशंकूवरच्या क्वांटम सिद्धांतात नेण्याचं काम कालिन्यात, मुंबई विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, अनुराधा मिश्रा यांनी 1990 च्या दशकापासून केलं. त्याच विभागात 1982 ते 1995 या काळात रोहिणी गोडबोले शिकवत होत्या. पुण्यात स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, मग स्टोनी ब्रुक, असा त्यांचा प्रवास. पुढे बंगळूरहून त्यांनी इटलीच्या जूलिया पँकेरी आणि सहकाऱ्यांसोबत काम केलं. ऊर्जा वाढते तशी प्रोटॉनांच्या टकरीची एकूण शक्यता बेसुमार का वाढत नाही, याचं उत्तर त्यांनी सॉफ्ट ग्लुऑनांत शोधलं: आत येणारे कण ग्लुऑन फेकताना किंचित भरकटतात, आणि नेम चुकतो. हिशोबाला आधार होता ब्लॉख-नॉर्डसिक पद्धतीचा, 1937 च्याच. गोडबोले ऑक्टोबर 2024 मध्ये गेल्या.

आजचे संशोधक अनंताला थेट हात घालत नाहीत. 1972 पासून रूढ झालेल्या युक्तीने ते अवकाश-काळाच्या मिती चारऐवजी किंचित वेगळ्या धरतात. मग अनंत त्या छोट्या फरकाच्या, एप्सिलॉनच्या, छेदात जाऊन बसतं. दर लूपला, म्हणजे आभासी कणांच्या गणिताच्या दर पायरीला, छेदातला घात दोनने वाढतो. दोन लूपला हे छेद कसे दिसतील, ते स्टेफानो कातानी यांनी 1998 साली गणित पुरं होण्याआधीच बहुतांशी लिहून दाखवलं. 2009 साली बेखर आणि नॉयबर्ट यांनी, आणि वेगळ्या वाटेने गार्डी आणि मान्येआ यांनी, एक सुटसुटीत सूत्र मांडलं: वस्तुमानरहित कण कितीही असोत, अवरक्त अनंतं त्यांच्या जोड्याजोड्यांतूनच येतात. ते इतकं सुंदर होतं की खरं ठरावं असं पुष्कळांना वाटलं. दोन लूपपर्यंत ते खरं आहेच. पण तिसऱ्या लूपला चार कणांना एकदम गुंतवणारी नवी पदं येतात, हे आल्मेलिड, दूर आणि गार्डी यांच्या 2015-16 च्या गणितातून निघालं.

आणि भाभा प्रकीर्णन? 1989 ते 2000 सर्नचा 27 किलोमीटर घेराचा लेप त्वरक चालला. तिथल्या एल-3 प्रयोगात टाटा संस्थेची माणसं होती. एकूण किती टकरी झाल्या, हे मोजण्याचं माप होतं भाभा प्रकीर्णन, कारण लहान कोनात त्याच्या घटना भरपूर मिळतात. नळीला खेटून बसवलेल्या उपकरणांत हे इलेक्ट्रॉन पकडले जात. त्यांनी टाकलेले बरेचसे फोटॉन त्याच कप्प्यात पडत, काही निसटत. तो हिशोब क्राकोवचे स्तानिस्वाव यादाख आणि सहकारी यांच्या संगणक-प्रणालीने वायएफएस पद्धतीनेच केला. त्या मापावर ठरला निसर्गातल्या हलक्या न्यूट्रिनोंच्या जातींचा आकडा: 2.9840, अधिक-उणे 0.0082. तीनपेक्षा जरा कमी, आणि ती ‘जरा’ वर्षानुवर्षं सलत राहिली. 2019-20 मध्ये समोरासमोरच्या कणगठ्ठ्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम हिशोबात धरला गेला. यादाख आणि पॅट्रिक जानो यांनी भाभा प्रकीर्णनाचं गणितही नव्याने केलं, आणि त्यातली सैद्धांतिक अनिश्चितता 0.061 टक्क्यांवरून 0.037 टक्क्यांवर आली. लेप केव्हाच मोडीत निघाला होता, नवी एकही टक्कर झाली नव्हती. आकडा झाला 2.9963, अधिक-उणे 0.0074.