जेआर (पथकलावंत)

जेआर : (२२ फेब्रुवारी १९८३ – ). फ्रेंच छायाचित्रकार व पथकलावंत. सामान्य माणसांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे कित्येक मीटर उंचीची छापून ती इमारतींच्या भिंती, झोपड्यांची छपरे, पूल, जिने, रेल्वेगाड्या अशा उघड्या जागी चिकटवण्याच्या कामासाठी ते जगभर ओळखले जातात. जेआर ही त्यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. पूर्ण नावाने वावरणे ते टाळतात आणि लोकांसमोर नेहमी हॅट व काळा चष्मा घालूनच येतात. त्यांच्या कलाकृतीत छायाचित्र हा केवळ एक भाग असतो. चेहरा कोणाचा निवडला, तो कोणत्या वस्तीत आणि कोणाच्या नजरेसमोर लावला, लावण्याची परवानगी कोणी दिली किंवा नाकारली आणि प्रत्यक्ष कुंचा कोणी हातात घेतला, या सगळ्यांतून मिळून ती कलाकृती घडते, आणि तिचे मूल्यमापनही या प्रश्नांच्या आधारेच करावे लागते.

जेआर यांचा जन्म पॅरिसचा. घराण्याची मुळे ट्युनिशिया आणि पूर्व युरोपात आहेत. किशोरवयात ते मित्रांबरोबर रात्री छपरांवर आणि मेट्रोच्या बोगद्यांत शिरून ग्राफिटी (भिंतींवर रंगवलेली अक्षरे व चित्रे) रंगवत आणि ‘फेस ३’ अशी सही करत. त्यानंतर, २००० च्या सुमारास, पॅरिसच्या मेट्रोत कोणीतरी विसरलेला एक साधा कॅमेरा त्यांच्या हाती लागला. सुरुवातीला त्यांनी आपल्या ग्राफिटीवाल्या मित्रांचीच छायाचित्रे टिपली, त्यांच्या छायाप्रती काढून त्या रस्त्यातल्या भिंतींवर लावल्या आणि प्रत्येकीभोवती रंगाने चौकट काढली, जेणेकरून पाहणाऱ्याला ती जाहिरात न वाटता प्रदर्शनातले चित्र वाटावे. फ्रान्समध्ये भिंतींवर कागद चिकटवणे ही नवी गोष्ट नव्हती. एर्नेस्ट पिन्यों-एर्नेस्ट यांच्यासारखे चित्रकार आधीच्या पिढीपासून कागदावरची पूर्णाकृती माणसे शहराच्या भिंतींवर आणत होते, आणि ‘पोस्टर लावण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१’ ही सूचना तिथल्या असंख्य भिंतींवर आजही वाचायला मिळते. जेआर यांनी या परंपरेत छायाचित्र आणले, त्याचा आकार इमारतीएवढा केला आणि चित्रातल्या माणसाला त्या कामात सामील करून घेतले.

त्यांच्या कामाचे तंत्र मुद्दाम साधे ठेवलेले आहे. छायाचित्र मोठे करून पातळ कागदाच्या पट्ट्यांवर काळ्या शाईत छापले जाते, भिंतीला खळ लावून त्या पट्ट्या ओळीने बसवतात आणि वरून पुन्हा खळीचा हात फिरवतात. कागद, खळ, कुंचे आणि शिडी एवढ्याच साहित्यावर भागत असल्यामुळे वस्तीतली मुले आणि बायका थोड्याच वेळात हे काम शिकतात. पाऊस, ऊन आणि वारा यांनी कागद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फाटून जातो. हे तात्पुरतेपण जेआर यांनी गृहीतच धरले आहे. कागद गेल्यावर उरतात ती त्या कामाची छायाचित्रे, चित्रपट आणि ज्यांनी ते केले त्यांची आठवण.

त्यांच्या कारकिर्दीला खरी दिशा मिळाली ती पॅरिसच्या पूर्वेकडील माँफेर्मेय येथील ‘ले बॉस्के’ या वसाहतीत. स्थलांतरितांच्या कुटुंबांनी भरलेल्या या उंच इमारतींत राहणारे चित्रपटकार लाद्ज ली हे जेआर यांचे मित्र होते. २००४ मध्ये त्या दोघांनी तिथल्या तरुणांची व्यक्तिचित्रे काढून विनापरवाना वसाहतीच्या भिंतींवर लावली. त्यांपैकी एका चित्रात स्वतः ली व्हिडिओ कॅमेरा बंदुकीसारखा रोखून उभे आहेत आणि पाहणाऱ्याला क्षणभर ती बंदूकच वाटते. २७ ऑक्टोबर २००५ रोजी शेजारच्या क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांपासून पळणारी दोन मुले वीज उपकेंद्रात शिरली आणि विजेच्या धक्क्याने मरण पावली. त्यानंतर फ्रान्सभर सुमारे तीन आठवडे दंगली उसळल्या. जळत्या गाड्यांचे चित्रण करायला आलेल्या दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत मागच्या भिंतीवरचे लींचे चित्रही टिपले गेले आणि अनेकांना या कामाची ओळख अशी बातम्यांतून झाली.

दंगलीनंतर जेआर पुन्हा वसाहतीत गेले. बातम्यांत या तरुणांचे दर्शन दूरवरून, लांब भिंगातून आणि चेहरा झाकलेल्या अवस्थेत घडत होते. जेआर यांनी त्याच्या अगदी उलट २८ मिलिमीटरचे भिंग वापरले. या भिंगाने चेहरा चौकटभर हवा असेल तर छायाचित्रकाराला माणसापासून हातभर अंतरावर उभे राहावे लागते, म्हणजे आधी त्याचा विश्वास मिळवावा लागतो. त्या तरुणांनी डोळे वटारून आणि तोंडे वेडीवाकडी करून, आपल्याविषयी समाजात असलेल्या भीतीचीच नक्कल केली. ही चित्रे नंतर पॅरिसच्या सुखवस्तू भागांत लावण्यात आली आणि प्रत्येकाखाली त्या तरुणाचे नाव, वय आणि राहत्या इमारतीचा पत्ता छापला होता. ज्यांचा उल्लेख तोवर केवळ जमाव म्हणून होत होता त्यांना पत्त्यानिशी शहराच्या मध्यभागी उभे करणे हा या कामाचा सर्वांत धारदार भाग होता. २००६ मध्ये पॅरिसच्या नगरपालिकेनेच या चित्रांच्या प्रदर्शनाला अधिकृत जागा दिली. पुढे २०१३ मध्ये ले बॉस्केमधील एक इमारत पाडली जाणार होती तेव्हा जेआर यांनी तिच्या आतल्या खोल्यांच्या भिंतींवर चित्रे लावली. पाडकाम यंत्रांनी बाहेरची भिंत उतरवली तसे आतले डोळे व चेहरे उघड्यावर आले.

ले बॉस्केमधील तरुणांची ही व्यक्तिचित्रे म्हणजे ‘२८ मिलिमीटर’ या नावाखालील मालिकेतला पहिला प्रकल्प होता. दुसरा, ‘फेस टू फेस’, जेआर यांनी मार्को या सहकाऱ्याबरोबर मार्च २००७ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाइनमध्ये केला. एकच व्यवसाय करणारे एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी, उदाहरणार्थ दोन टॅक्सीचालक, अशा जोड्या निवडून त्यांचे चित्रविचित्र हावभाव टिपण्यात आले आणि ती चित्रे आठ शहरांत तसेच दोन्ही प्रदेशांना अलग करणाऱ्या विभाजक भिंतीच्या दोन्ही बाजूंना शेजारी-शेजारी लावण्यात आली. एका चित्रत्रयीत ख्रिस्ती धर्मगुरू, इमाम आणि रब्बी एकत्र आहेत. शत्रूचा चेहरा आपल्या गल्लीत लावू दिला जाणार नाही असे भाकीत अनेकांनी केले होते. प्रत्यक्षात जमलेल्या लोकांना जेव्हा ‘यांतला तुमचा कोण आणि त्यांचा कोण’ असे विचारले जाई, तेव्हा बहुतेकांना ते ओळखता येत नसे. ही अडचण निर्माण करणे हेच त्या प्रकल्पाचे सामर्थ्य होते.

तिसरा प्रकल्प ‘विमेन आर हिरोज’ हा सर्वांत विस्तृत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते जेआर यांच्या कामाचे शिखर. २००८ ते २०१० या काळात सिएरा लिओन, लायबेरिया, केनिया, ब्राझील, भारत, कंबोडिया इत्यादी देशांत तो झाला. युद्ध, गुन्हेगारी आणि दारिद्र्य यांचा मार स्त्रियांना सर्वाधिक बसतो, तरीही रस्त्यावर आणि सार्वजनिक जागी राज्य पुरुषांचे असते, या निरीक्षणातून तो उभा राहिला. रिओ दी जानेरोमधील मोरो दा प्रोव्हिदेन्सिया या टेकडीवरच्या वस्तीत जून २००८ मध्ये सैनिकांनी तीन तरुणांना विरोधी टोळीच्या हवाली केले आणि त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी जेआर तिथे पोहोचले आणि मृतांच्या नात्यातील स्त्रियांसह वस्तीतल्या अनेक बायकांचे चेहरे व डोळे उतारावरच्या घरांवर आणि लांबलचक जिन्यावर लावले. टेकडीकडे पाहायचे टाळणाऱ्या शहराला आता टेकडीच पाहू लागली होती. वार्ताहर तिथे गेले तेव्हा जेआर यांनी स्वतः बोलण्याऐवजी त्या स्त्रियांना बोलू दिले. या वस्तीत पुढे ‘कासा आमारेला’ हे सांस्कृतिक केंद्रही उभे राहिले.

नैरोबीतील किबेरा या झोपडपट्टीतले २००९ चे काम वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. तिथल्या स्त्रियांच्या चित्रांनी सुमारे २,००० चौरस मीटर छपरे झाकण्यात आली, परंतु कागदाऐवजी पाणी न झिरपणारे विनाइल वापरल्यामुळे चित्रांखालची घरे पावसात गळायची थांबली. पत्र्याच्या छपराखाली पावसाळा काढलेल्या कोणालाही या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच वस्तीतून जाणाऱ्या रेल्वेगाडीच्या डब्यांवर स्त्रियांचे डोळे लावले होते आणि रुळांखालच्या उतारावर पत्र्यांवर त्यांच्या चेहऱ्यांचा खालचा भाग. गाडी जाताना काही सेकंद डोळे आणि ओठ जुळून चेहरा पुरा होई.

भारतात भिंतीवर पोस्टर लावल्यास अटक होऊ शकते असे जेआर यांच्या कानावर आले होते. त्यामुळे त्यांनी पांढऱ्या भिंतींवर कोरे दिसणारे पांढरे कागद लावले. चित्राचा भाग त्या कागदावर चिकट ठेवलेला होता. रस्त्यावरची धूळ जसजशी त्यावर बसत गेली तसतसा स्त्रीचा चेहरा आपोआप उमटत गेला. स्थानिक परिस्थितीलाच चित्रकार बनवणारी ही युक्ती त्यांच्या सगळ्या कामांत विरळा आहे. या प्रकल्पावरील चित्रपट २०१० मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवण्यात आला.

‘टेड’ या व्याख्यानमालेसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेचा २०११ चा टेड पुरस्कार जेआर यांना मिळाला आणि १,००,००० डॉलरच्या त्या रकमेतून ‘इनसाइड आउट’ हा लोकप्रकल्प सुरू झाला. यात जेआर छायाचित्रे काढत नाहीत. कोणताही गट आपले म्हणणे ठरवून आपल्या माणसांची चित्रे पाठवतो, ती सुमारे ९० बाय १३५ सेंटिमीटर आकाराच्या पोस्टरांवर छापून परत येतात आणि गट ती आपल्या गावात लावतो. शंभराहून अधिक देशांतील काही लाख लोकांनी त्यात भाग घेतला आहे. ट्युनिशियात क्रांतीनंतर लगेचच, जिथे वर्षानुवर्षे अध्यक्ष बेन अलींची भव्य छबी झळकत होती तिथे सामान्य नागरिकांचे चेहरे लागले. काही ठिकाणी ते फाडलेही गेले. एका माणसाच्या छबीला कंटाळलेल्या लोकांना पुन्हा कोणाचाच मोठा चेहरा नको होता, आणि ही प्रतिक्रियाही त्या प्रकल्पाचाच भाग मानली पाहिजे. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स पाहणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये, कारण सार्वजनिक जागेत मोठा चेहरा हा इथेही बहुधा सत्तेचा आणि पैशाचा असतो. मुंबईत १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकमध्ये २०१७ च्या अखेरीस भरलेल्या कला महोत्सवात याच प्रकल्पाखाली कोळी आणि गोदीवर राबणाऱ्या इतर समाजांतील स्त्री-पुरुषांची व्यक्तिचित्रे लागली. ज्या गोदीचे काम त्यांच्या श्रमावर चालते, तिच्याच भिंतींवर त्यांना मिळालेली ही जागा योग्य होती.

नंतरच्या काळात कामांचा आकार आणि प्रसिद्धी वाढत गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोतील तेकाते येथे सीमेच्या कुंपणामागे उंच परांची बांधून त्यावर कुंपणावरून अमेरिकेत डोकावणाऱ्या एका वर्षाच्या बाळाचे चित्र उभारले गेले. शेवटच्या दिवशी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच लांब टेबल मांडून लोकांनी एकत्र जेवण केले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील तेहाचापी या कडेकोट बंदोबस्ताच्या तुरुंगात कैदी आणि कर्मचाऱ्यांच्या मदतीने पटांगण कैद्यांच्या चित्राने भरले. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क शहरांसाठी त्यांनी प्रत्येकी हजाराहून अधिक रहिवाशांची स्वतंत्र छायाचित्रे एकत्र गुंफून विशाल भित्तिपट केले. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रांचा त्यावरचा प्रभाव उघड आहे. चित्रपटकार आन्येस वार्दा यांच्याबरोबर फ्रान्सच्या खेड्यांतून फिरून केलेला ‘व्हिसाज व्हिलाज’ (२०१७) हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या लव्हिव्ह शहरात शंभराहून अधिक लोकांनी एका पाच वर्षांच्या निर्वासित मुलीचे ४५ मीटर लांबीचे चित्र हातांवर तोलून धरले, ते आकाशातून दिसावे म्हणून.

जेआर मोठ्या कंपन्यांचे नाव आपल्या प्रकल्पांना जोडू देत नाहीत आणि कामाचा खर्च प्रामुख्याने आपल्या छायाचित्रांच्या प्रतींच्या विक्रीतून भागवतात. या स्वातंत्र्यामुळेच विनापरवाना आणि धोक्याच्या जागी जाणे त्यांना शक्य झाले. त्यांच्यावरचा एक आक्षेप असा की एकच रीत जगभर नेल्यामुळे निरनिराळ्या वस्त्यांची दुःखे एकसारखी दिसू लागतात, आणि कलावंत निघून गेल्यावर तिथले जीवन पूर्वीसारखेच राहते. दुसरा आक्षेप भव्यतेचा आहे. मार्च २०१९ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या पिरॅमिडभोवती सुमारे ४०० स्वयंसेवकांनी कागदाच्या २,००० पट्ट्यांचे एक दृष्टिभ्रम घडवणारे चित्र जमिनीवर चिकटवले, ते लोकांच्या पायांखाली दिवसभरातच फाटले आणि कागदाच्या कचऱ्यावरून टीका झाली. त्या कामात नेत्रसुख पुष्कळ होते, परंतु ज्याला पाहिले जात नाही असा कोणी माणूस त्यात नव्हता, म्हणून किबेराच्या छपरांपुढे ते फिके पडते. पहिला आक्षेप मात्र जागेनुसार तपासावा लागतो. ले बॉस्केच्या भिंतीवर कॅमेरा रोखून उभे असलेले लाद्ज ली यांनी आपल्या ‘ले मिझराब्ल’ या चित्रपटासाठी २०१९ मध्ये कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळवला, आणि त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी त्याच परिसरात चित्रपट शिकवणारी ‘कुर्त्राज्मे’ ही विनाशुल्क शाळा सुरू केली होती, जिच्या कामात जेआर यांचाही सहभाग राहिला आहे.